खाऱ्या बोअरची रेघ

अमरावतीहून मायाताईंचा फोन आला की दीक्षा तायडे आधी हातातला चहा खाली ठेवायची. मायाताई रागावत नसत, पण त्यांचं बोलणं एकदा सुरू झालं की मध्ये शिरायला फट मिळत नसे. पोळा होऊन आठवडा उलटला असेल. जठारपेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत दीक्षा नुकती कॉम्प्युटरसमोर बसली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"दीक्षा, तुह्या प्रोग्रॅमले काय झालं व? एका गावाची विंडो बंद केली मी, अन् हा साऱ्याच्या साऱ्या घेऊन गेला."

"एकच बंद केली होती?"

"एकच. परतवाड्याची. बाकीच्या अकरा काहून गेल्या, थे तू सांग."

मायाताई अमरावतीत शेतकऱ्यांच्या एका पाणीगटाचं ऑफिस सांभाळत. गटाने बारा गावांमधल्या एकेका बोअरमध्ये एक छोटं यंत्र सोडलं होतं. पाणी किती खोल आहे ते यंत्र दर पंधरा मिनिटांनी मोजायचं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवायचं. कॉम्प्युटरवर प्रत्येक गावाची वेगळी विंडो, आणि विंडोत पाण्याची चढउतार दाखवणारी एक रेघ. कुठे पाणी जास्त उतरायला लागलं की मायाताई त्या गावात फोन करून दोन दिवस मोटारी बंद ठेवायला सांगत. प्रोग्रॅम लिहिला होता दीक्षाने. पुण्यात नोकरी करून ती अकोल्याला परत आली होती आणि घरूनच दवाखाने, दुकानं, पतपेढ्या यांची अशी कामं करायची.

चूक शोधायला तिला फार वेळ लागला नाही. सुरुवातीला गटाकडे एकच बोअर होता, म्हणून प्रोग्रॅमलाही एकच विंडो होती. तेव्हा तिने त्या विंडोत एक ओळ लिहून ठेवली होती: कोपऱ्यातली फुली दाबली की सगळा प्रोग्रॅम बंद. त्या वेळी ते बरोबरच होतं, विंडो गेल्यावर मागे काही उरतच नव्हतं. पुढे गावं वाढत गेली, तशी ती त्याच विंडोची नक्कल करून नाव बदलत गेली, आणि ती ओळही प्रत्येक नकलेबरोबर गेली. आता बारापैकी कुठलीही विंडो जाताना आपल्याबरोबर सगळ्यांना नेत होती. शिवाय प्रोग्रॅम मेला की आकडे घेणंही थांबायचं. त्यामुळे बाराही गावांच्या रेघा जागोजागी तुटलेल्या होत्या. सकाळी सुरू, दुपारी कधीतरी खंड, संध्याकाळी ऑफिस सुटताना पुन्हा बंद. त्याचं कोणाला वाईट वाटलं नव्हतं. मोटारी केव्हा थांबवायच्या हे ठरवायला दिवसाकाठी एखादा आकडा पुरत होता.

दीक्षाने ती ओळ काढली, जी विंडो बंद केली तेवढीच जाईल अशी सोय केली आणि नवा प्रोग्रॅम पाठवून दिला. काम झालं असं तिला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. आता आकडे डबल येत होते. मायाताई संध्याकाळी एकेक करून सगळ्या विंडो बंद करत आणि घरी जात. पण विंडो गेल्या तरी प्रोग्रॅम आत जिवंतच राही. पडद्यावर त्याची खूण उरत नसे, पण आकडे घेणं चालू असे. सकाळी मायाताई पुन्हा चिन्हावर दोनदा टिचकी मारत, आणि दुसरा प्रोग्रॅम सुरू होई. मग दोघं मिळून एकाच फाइलीत लिहीत बसत.

"आधी लवकर मरे, आता मरतच नाई," मायाताई म्हणाल्या. "याच्या मधलं काही हाये का तुह्याजवळ?"

दीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अमरावतीला गेली. ऑफिस म्हणजे एका खताच्या दुकानावरची खोली. ती मायाताईंच्या मागे खुर्ची टाकून बसली आणि दिवसभर नुसतं बघत राहिली. मायाताई आधी सगळी गावं उघडत. ज्या गावाचं पाणी ठीक दिसे त्याची विंडो बंद करत, ज्याची काळजी वाटे त्याची ठेवत. दुपारपर्यंत पडद्यावर दोन-तीनच उरत. मोर्शीची विंडो त्या शेवटपर्यंत सोडत नसत, कारण संत्र्याच्या बागांसाठी तिकडे मोटारी जोरात चालत.

"ताई, तुम्ही फुली दाबता तेव्हा तुम्हाला काय बंद व्हायला हवं असतं?" दीक्षाने विचारलं.

मायाताईंनी खुर्ची वळवली. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "मले एवढंच वाटते का हे गाव माह्या डोयासमोरून जावं," त्या म्हणाल्या. "गाव बंद पडावं असं नाई वाटत. पाहणं झालं माह्यं, बस."

परतीच्या गाडीत बडनेरा मागे पडलं तरी दीक्षाच्या डोक्यात तेच वाक्य होतं. तिने पाहणं आणि घेणं एकाच जागी बांधून ठेवलं होतं. घरी येऊन तिने दोन्ही वेगळं केलं. आकडे घेणारा भाग आत, एकटा, कुठल्याही विंडोला न बांधलेला. विंडो फक्त दाखवण्यापुरत्या. एखाद्या गावाची फुली दाबली तर तिथलं लिहायचं राहिलेलं आधी लिहून होणार आणि मग ती विंडो जाणार, बाकीच्यांना धक्का नाही. सगळ्या विंडो गेल्या तरी घड्याळाशेजारी थेंबाचं एक बारकं चिन्ह उरणार. ते दाबलं की गावं परत समोर. कोणी प्रोग्रॅम दुसऱ्यांदा सुरू करायला गेलं तर नवा सुरू होणार नाही, आतलाच जागा होऊन पुढे येणार. आणि खरंच सगळं थांबवायचं असेल तर त्यासाठी वेगळी जागा, आणि तिथेही तो आधी विचारणार: आकडे घेणं थांबेल, चालेल का? बाहेरून सगळं पहिल्यासारखंच दिसत होतं. बंद होणं तेवढं ज्याच्या त्याच्यापुरतं झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मायाताईंनी सगळ्या विंडो बंद केल्या, थेंबाचं चिन्ह आहे ना ते पाहिलं, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर तसाच चालू ठेवला आणि खोलीला कुलूप लावून माहेरी गेल्या.

सुट्टी संपल्यावर दीक्षाने अकोल्यात बसूनच अमरावतीच्या फाइली उघडल्या. तिला एकच बघायचं होतं, कुठे खंड पडला आहे का. खंड नव्हता. गटाचं काम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच बाराही गावांचे आकडे सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत सलग होते. तिने खुशीने एकेक विंडो उघडली. परतवाडा, मोर्शी, चांदूर. हरभऱ्याची पेरणी झालेली, मोटारी चालू, त्यामुळे सगळ्या रेघा करवतीच्या पात्यासारख्या खालीवर. अपेक्षेप्रमाणेच.

शेवटची विंडो उघडली आणि ती थांबली.

हा बोअर दर्यापूरकडचा, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, वामनराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरातला. त्याचं पाणी इतकं खारट की तिथे मोटार बसलीच नव्हती. कोणी उपसत नाही असा एक तरी बोअर तुलनेला असावा म्हणून गटाने तिथे यंत्र सोडलं होतं. या विंडोत दोरी ताणल्यासारखी सरळ रेघ असायला हवी होती. तिथे लाट होती. गुळगुळीत, कुठेही दाता नाही, दिवसातून दोनदा वर आणि दोनदा खाली. सुट्टीचे सगळे दिवस ती तशीच चालली होती, न चुकता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

दीक्षाला पहिल्यांदा भीतीच वाटली. आपणच नव्या बदलात काहीतरी बिघडवलं. पुन्हा दोन प्रोग्रॅम चालले असतील. तिने तपासलं, एकच होता. दोन गावांचे आकडे एकमेकांत मिसळले असतील. मिसळले नव्हते. यंत्र उन्हाने तापत असेल, तर मग दिवसातून एकदा चढायला हवं, दोनदा कसं? तिने जुन्या फाइली काढल्या. तिथेही आता तिला त्या लाटेचे तुकडे दिसायला लागले, इथे एक चढ, तिथे अर्धा उतार. पण आधी रेघ इतकी तुटक होती की तुकडे जोडून बघायचं कोणाच्या मनात आलंच नसतं.

तिने वामनरावांना फोन लावला.

"काका, तुमच्या बोअरवर कोणी मोटार लावली काय?"

"कोण लावते? त्या पाण्यानं गहू मरते," वामनराव म्हणाले. "म्हैस तोंड लावत नाई त्याले."

"आजूबाजूला कोणी उपसतं?"

"आजूबाजूले बी तेच पाणी हाये, बाई. मी तर त्याच्यात मुरूम टाकून बुजवून टाकतो म्हणून राह्यलो. तुमचं यंत्र हाये म्हणून थांबलो."

"अजून थोडे दिवस थांबा काका," दीक्षा म्हणाली.

त्या दिवशी तिने दुसरं काम केलं नाही. एका दिवसाची रेघ कापून तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची, तिच्याखाली तिसऱ्या दिवसाची, अशा सगळ्या एकाखाली एक मांडल्या. तेव्हा तिला आणखी एक गोष्ट दिसली. लाटेचा माथा रोज त्याच वेळी येत नव्हता. रोज थोडा उशिरा, रोज साधारण तेवढाच उशिरा. माथे तिरके सरकत उजवीकडे चालले होते. घड्याळाने चालणारी कुठलीही गोष्ट असं करत नाही. वीज घड्याळाने येते जाते, माणसं घड्याळाने उठतात, ऊन ठरल्या वेळी चढतं. हे कशाच्या वेळेने चाललं होतं?

जेवताना तिने वडिलांना सांगितलं. देवराव पोस्टातून निवृत्त झाले होते. मुलीच्या कामातलं त्यांना फारसं कळत नसे, पण ती बोलायला लागली की ते घास हातात धरून ऐकत.

"म्हणजे दिवसातून दोनदा चढते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् रोज उशीर होते. किती, पाऊण तास?"

दीक्षाने मान वर केली. "पाऊण तास. थोडं जास्तच. तुम्हाला कसं कळलं?"

देवरावांनी घास तोंडात घातला, चावला, पाणी प्यायले. "थे तर समुद्राचं हाये, बेटा," ते म्हणाले.

नोकरीची पहिली चार वर्षं त्यांनी कोकणात, एका बंदराच्या गावी काढली होती. टपालाची होडी खाडी ओलांडून यायची. ती आज एका वेळी आली तर उद्या पाऊण तास उशिरा यायची, परवा आणखी पाऊण तास. वऱ्हाडातून गेलेल्या नव्या पोराला वाटलं, नावाडी आळशी आहे. मग तिथल्या पोस्टमास्तरांनी त्याला किनाऱ्यावर नेऊन भरतीचं पाणी दाखवलं होतं; होडी त्या पाण्यावरच आत येऊ शकत होती.

"बाबा, दर्यापुरात कुठला समुद्र?"

"मले काय माहीत. तू आकडे पाह्यले, मी समुद्र पाह्यला. चाल दोघायची एकच दिसते, एवढंच मी सांगून राह्यलो."

दीक्षा ताटावरून उठली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून वर घेऊन गेली. चौकोनाचौकोनात तिथी छापलेल्या होत्या. तिने ते पडद्याशेजारी उभं केलं. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येच्या आसपास लाट सगळ्यात मोठी होती. तिथून अष्टमीपर्यंत ती लहान लहान होत गेली होती, आणि पौर्णिमा जवळ यायला लागली तशी पुन्हा फुगत चालली होती. तिने चंद्र उगवण्या-मावळण्याच्या वेळा काढल्या आणि माथ्यांशी ताडून बघितल्या. चंद्र उगवताना आणि मावळताना पाणी वर होतं. चंद्र माथ्यावर आला की पाणी खाली जात होतं. समुद्राच्या बरोबर उलट.

पुढचे दोन दिवस ती वाचत होती. तिने शोधलेलं काही नवीन नव्हतं. जगात कितीतरी ठिकाणी खोल, न उपसलेल्या विहिरींमध्ये लोकांनी हे पाहिलं होतं, त्यावर लिहिलं होतं. चंद्र समुद्राला ओढतो हे तिला शाळेपासून माहीत होतं. तो जमिनीलाही ओढतो हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ते तिने मनावर घेतलं नव्हतं. चंद्र वरून जाताना खालचा खडक किंचित ताणला जातो, त्याच्या भेगा केसाहून कमी रुंदावतात, आणि त्या भेगांमधलं पाणी जागा मिळाली म्हणून खाली बसतं. चंद्र उतरला की खडक आवळतो आणि पाणी वर चढतं. जमीन स्वतः वीतभर, कधी त्याहून जास्त, वर येते आणि खाली बसते. रोज, दोनदा: एकदा चंद्र डोक्यावर असताना, एकदा तो पृथ्वीच्या पलीकडे, पायांखाली असताना. घरं, रस्ते, रेल्वेचे रूळ, झोपलेली आणि जागी माणसं, सगळ्यांना घेऊन. सगळंच एकत्र हलतं म्हणून कोणाला कळत नाही.

ती सकाळी गच्चीवर गेली. खाली दूधवाला सायकल भिंतीला टेकवत होता. समोरच्या मेडिकलचं शटर अर्धं उघडलं होतं. पलीकडे शाळेच्या व्हॅनमागे कोणीतरी धावत होतं. दीक्षा कठड्याला हात टेकवून उभी राहिली. हे सगळं आत्ता चढत होतं की उतरत होतं ते तिला ठाऊक होतं, कारण ती मघाशीच रेघ पाहून आली होती. जन्मापासून ती या गल्लीत राहत होती. शाळेत गेली, पडली, आईला स्मशानात पोचवून आली, पुण्याहून सामान घेऊन परतली, आणि त्या प्रत्येक दिवशी हे पायांखाली चालू होतं.

मायाताईंना तिने फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मले पाह्यचं हाये. कॉम्प्युटरवर नाई. तिथं."

पुढच्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी दोघी वामनरावांच्या घरी मुक्कामाला गेल्या. फोनवरचं बोलणं वामनरावांना पटलं नव्हतं, पण पाहुण्या येतात म्हटल्यावर त्यांच्या बायकोने, कौशल्याकाकूंनी, गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे रोडगे करायचं काढलं. सकाळी चौघं वावरात गेले तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. काळी सपाट जमीन, नजर जाईल तिथवर हरभरा, धुऱ्याने, म्हणजे बांधाच्या कडेने, पिवळ्या फुलांची तूर, आणि मध्ये चौथऱ्यावर बोअरचं लोखंडी तोंड, त्यावर झाकण म्हणून एक फरशी.

दीक्षाने यंत्राला हातही लावला नाही. तिने पिशवीतून लांब फीत काढली. टोकाला लोखंडी नळीचा तुकडा बांधला होता. नळी पाण्याला टेकली की आतून टप्प असा आवाज येतो, तिथे फीत धरायची आणि खूण करायची.

"तुम्हीच सोडा काका," ती म्हणाली.

वामनरावांनी फीत सोडली. ती जात राहिली, जात राहिली, आणि मग फार खोलवरून आवाज आला. त्यांनी दोन-तीनदा वरखाली करून नेमकी जागा पकडली. बोअरच्या तोंडाशी फितीचा जो भाग होता तिथे कौशल्याकाकूंनी लाल दोरा बांधला.

मग थांबणं. काकू मजुरांबरोबर पलीकडच्या वावरात कापूस वेचायला गेल्या. मायाताई काही वेळ त्यांच्याबरोबर वेचू लागल्या आणि कमरेवर हात ठेवून परत आल्या. वामनराव धुऱ्यावर दीक्षाशेजारी बसले. हा बोअर घेताना काय झालं ते त्यांनी सांगितलं. लोक नको म्हणत होते. ते म्हणाले, खोल गेलं तर गोड पाणी लागेल. गाडी दिवसभर खोदत राहिली, सगळं गाव बघायला जमलं. पाणी लागलं तेव्हा त्यांनी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं आणि सगळ्यांसमोर थुंकले. तेव्हापासून ते या बाजूने फारसे येत नसत. नांगरतानाही चौथऱ्याला वळसा घालून पुढे जात.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकूही आल्या. वामनरावांनी फरशी सरकवली आणि फीत सोडली. लाल दोरा तोंडाशी आला. आवाज नाही. त्यांनी फीत आणखी सोडली. एक बोट, दोन बोटं. तिसऱ्या बोटाला टप्प झालं.

त्यांनी फीत वर ओढली आणि पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

"माह्या हाताचं काहीतरी होत असन," ते म्हणाले. "तू पाह्य."

कौशल्याकाकूंनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि फीत सोडली. दोऱ्याच्या खाली तीन बोटं. मग मायाताईंनी सोडली. तेवढंच.

"कोणं घेतलं पाणी?" काकूंनी विचारलं. "मोटर नाई, बादली नाई."

"चंद्रानं," दीक्षा म्हणाली.

"कोठी हाये चंद्र? आज तर अवस हाये."

"तो काय. सूर्याच्या अगदी शेजारी. उजेडामुळे दिसत नाही, पण आत्ता आपल्या वरच आहे. दोघं मिळून ओढताहेत."

चौघांनीही वर बघितलं आणि डोळे दिपून लगेच खाली घेतले. वर पांढरं ऊन होतं, आणि त्या उन्हात कुठेतरी तो होता. दूर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जात होता, त्याचा आवाज येऊन गेला.

"म्हंजे हे वावर बी उचललं आता?" काकूंनी हळूच विचारलं.

"हो काकू. वावर, गाव, आपण. सगळं."

"मंग तुरीचं एक फूल बी काहून हाललं नाई?"

"सगळंच बरोबर वर आलं ना. हललेलं दिसायला कोणीतरी मागे राहायला पाहिजे."

काकूंनी त्यावर विचार केला. मग त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी उभ्या राहिल्या, जणू त्यामुळे काही जास्त कळेल. मायाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनीही आपल्या सँडल काढल्या.

वामनराव मात्र बोअरपाशीच उकिडवे बसले होते. एक हात लोखंडी तोंडावर, मान वाकवून आत बघत. आत अंधाराशिवाय दिसण्यासारखं काही नव्हतं.

"याले मी काय काय बोललो," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, याच्या नावानं शिव्या देऊन राह्यलो. अन् हा इथं बसून चंद्र पाहून राह्यला."

"तुमचा बोअर खारा नसता तर तुम्ही उपसला असता काका, आणि मग हे कधीच दिसलं नसतं," दीक्षा म्हणाली. "मोर्शीच्या बोअरमध्येही हे असेल. पण तिथे मोटारींच्या गडबडीत काही ऐकू येत नाही."

"दुसऱ्यायच्या बी होते?"

"ज्यांचं पाणी खडकात खोल कोंडलेलं आहे त्यांच्या होत असेल."

दुपारचं जेवण काकूंनी वावरातच आणलं. जेवताना वामनरावांनी सूर्य मावळेपर्यंत थांबायचं जाहीर केलं. पाणी गेलेलं त्यांनी पाहिलं होतं, आता त्यांना ते आलेलं पाहायचं होतं. मधल्या वेळात ते एकदा गावाकडे जाऊन आले. काय सांगितलं कोण जाणे, पण ऊन उतरायला लागलं तसे धुऱ्या-धुऱ्याने लोक यायला लागले. दोघं म्हातारे, कापसाच्या पोत्यांची गाडी घेऊन घरी निघालेला एक भाऊबंद, मुलीला कडेवर घेतलेली एक सून. बोअर लागला त्या दिवशीही यातले काही जण इथेच उभे असणार, असं दीक्षाच्या मनात आलं.

"वामन, खरं हाये का हे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"थांब ना. समजते."

पश्चिमेला सूर्य लाल होऊन जमिनीला टेकला. त्याच्याबरोबर कोणाला न दिसता चंद्रही मावळत होता. दीक्षाच्या बॅगेत कॉम्प्युटर होता, त्यात याच क्षणाची रेघ पुढे सरकत असणार, पण तिला तो उघडावासा वाटला नाही. ती लोकांमध्ये उभी राहिली.

वामनरावांनी फीत सोडायला घेतली. सगळे इतके शांत झाले की नळी पाइपाच्या कडेला घासल्याचा आवाजही ऐकू येत होता. फीत त्यांच्या बोटांतून सावकाश जात राहिली. दोरा अजून हातभर वर होता, मग वीतभर. वामनरावांनी हात आणखी हळू केला. दोरा लोखंडाच्या कडेला येऊन टेकला, आणि त्याच वेळी खालून टप्प आवाज आला.

वामनरावांनी डोळे मिटले.

"आलं," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्या हातातून फीत घेतली. त्याला स्वतः सोडून बघायची होती. त्याच्या मागे बाकीचे आपापली पाळी धरून उभे राहिले.